कोनी आंडेर शे व तू?

धुळ्याच्या स्टँडवर, चाळीसगाव-धुळे गाडीत, आठवडे बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठेही एखादी म्हातारी शेजारी येऊन टेकली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "कोनी आंडेर शे व तू?" म्हणजे कुणाची मुलगी गं तू. नाव नंतर. कधी कधी तर नाव विचारतच नाहीत, कारण एकदा बापाचं नाव, गाव आणि गल्ली कळली की त्यांचं काम झालेलं असतं, मग पुढचा अर्धा तास तुमच्या मावशीचं लग्न आणि तुमच्या आजोबांनी विकलेली बैलजोडी यावर त्या तुमच्यापेक्षा जास्त सांगतात. मला लहानपणापासून हा प्रश्न आवडायचा. उत्तर दिलं की समोरचा चेहरा उजळायचा, पिशवीतून एखादा पेरू निघायचा, सरकून बसायला जागा व्हायची.

या प्रश्नावर विद्यापीठात शिकतात हे मला एमएला गेल्यावर कळलं.

जळगावला समाजशास्त्रात एमए करत होते. एका पेपरचं नाव होतं सामाजिक मानसशास्त्र, आणि आम्ही सगळे जरा गोंधळलेलो की मानसशास्त्र आपल्याकडे कशाला, त्याचा वेगळा विभाग आहे ना. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, एक ते वीस आकडे टाका, प्रत्येक आकड्यापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा. मी कोण आहे? वीस वेळा. बारा मिनिटं. विचार करत बसू नका, सुचेल तसं लिहा, वाचणारं कुणी नाही, तुमचं तुम्हालाच सांगताय असं समजा.

मी लिहिलं. मी नानांची मुलगी. मी आमच्या घरातली पहिली एमए करणारी. मी दोन भावांची बहीण. मी शेतकऱ्याची मुलगी. मी खान्देशी. अशी अकरा उत्तरं झाली आणि अकराही कुणाची तरी, कशाची तरी. बाराव्याला पेन थांबलं. मग खूप वेळानं लिहिलं, मला पाऊस आवडतो. तेराव्याला, मी पटकन रडते. शेजारी बसलेल्या नाशिकच्या मुलानं पहिल्या ओळीपासूनच मी जिद्दी आहे, मी प्रामाणिक आहे, मला एकटं राहायला आवडतं असं धडाधड लिहिलेलं दिसत होतं आणि मला वाटलं माझं काहीतरी चुकलंय.

चुकलं नव्हतं. ही वीस वाक्यांची चाचणी अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोघांनी १९५४ साली मांडली. त्यांनी ती कॉलेजच्या मुलांवर केली तर बहुतेकांचं माझ्यासारखंच झालं होतं, आधी विद्यार्थी, मुलगी, अमुक धर्माची, अमक्याची बायको अशी नाती आणि गट, आणि ते संपले की मग आवडीनिवडी आणि स्वभाव. मॅडम म्हणाल्या, बघा, माणसाला स्वतःबद्दल विचारलं तर तो आधी समाजातली आपली जागा सांगतो. ते वाक्य मी वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलं होतं.

आता हा विषय समाजशास्त्राकडे कसा आला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९०८ साली इंग्रजीत एकाच विषयाची दोन पाठ्यपुस्तकं आली, दोन्हींच्या नावात सोशल सायकॉलॉजी. एक विल्यम मॅकडूगल या मानसशास्त्रज्ञाचं आणि दुसरं एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाचं. मॅकडूगलनं सुरुवात केली माणसाच्या आत, उपजत प्रवृत्तींपासून. रॉसनं सुरुवात केली बाहेर, गर्दी, फॅशन, रूढी, एकाचं बघून दुसऱ्यानं करणं, इथून. तेव्हापासून एकाच गावाला दोन वाटांनी जावं तसं चाललंय. मानसशास्त्रवाले विचारतात की आजूबाजूला माणसं असली की एकट्या माणसाच्या विचारांवर काय परिणाम होतो, आणि ते प्रयोगशाळेत मोजतात. सॉलोमन अ‍ॅशचा रेघांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, आधीच शिकवून ठेवलेले लोक मुद्दाम चुकीची रेघ सांगतात आणि खरा बसलेला माणूस डोळ्यांना दिसत असूनही तेच सांगतो, साधारण तीनात एकदा तरी. मला तो प्रयोग आवडतो. पण त्या खोलीत सगळे एकमेकांना अनोळखी आहेत, आणि आमच्या गावात अनोळखी माणूस असतोच कुठे? आमच्याकडे रेघ चुकीची सांगणारा तुमचा चुलता असतो, ज्याच्या विहिरीचं पाणी तुमच्या वावराला येतं. समाजशास्त्र इथे विचारायला लागतं.

पुस्तकातलं हे मला अंगावर कळलं ते माझ्या न बोलण्यामुळे. पहिल्या सेमिनारला मी उभी राहिले आणि बोलण्याच्या भरात "असं शे" म्हणून गेले. घरी आम्ही अहिराणी बोलतो, वर्गात प्रमाण मराठी, मधला दरवाजा कधी कधी लागत नाही. वर्ग हसला. फार दुष्टपणानं नाही, पण हसला. त्यानंतर दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. मानसशास्त्र करणाऱ्या रूममेटनं मनापासून मदत केली, म्हणाली तू अंतर्मुख आहेस, तुला स्टेज फिअर आहे, आरशासमोर बोलायची प्रॅक्टिस कर. मी केलीही. पण मॅडमनी एकदा थांबवून वेगळंच विचारलं, "घरी बोलतेस का गं?" आणि मी हसायलाच लागले, कारण घरी माय म्हणते, हिना तोंडले कुलूप लाव कोनीतरी. मॅडम म्हणाल्या, मग अंतर्मुख तू नाहीयेस, शांतता त्या वर्गात आहे. कुणासमोर बोलतेस आणि कुणासमोर गप्प होतेस याची यादी कर. मी केली. यादी बघून मला धक्का बसला, मी प्रमाण मराठी बोलणाऱ्या प्रत्येकासमोर गप्प होत होते आणि अहिराणी बोलणाऱ्या प्रत्येकासमोर नाही, त्यात माझ्या स्वभावाचा काही भागच नव्हता.

चार्ल्स कूली नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये याला आरशाची उपमा दिली. आपण समोरच्याला कसे दिसतो याची कल्पना आपण करतो, मग तो आपल्याबद्दल काय ठरवत असेल याची कल्पना करतो, आणि त्यावरून आपल्याला अभिमान तरी वाटतो नाहीतर शरम. तिन्ही पायऱ्या आपल्याच डोक्यात घडतात, पण आरसा दुसऱ्याचा असतो. मराठी नोट्समध्ये याला 'दर्पण-स्व' म्हटलेलं असतं, तो शब्द पाठ करून परीक्षा पास होता येते पण काळजाला काही होत नाही. मी माझ्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, "लोक काय म्हनतीन". आमच्याकडे हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं आणि कूलीच्या तिन्ही पायऱ्या त्यात आहेत.

जॉर्ज हर्बर्ट मीडनं पुढचं सांगितलं. शिकागोचा हा प्राध्यापक १९३१ मध्ये गेला, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९३४ मध्ये आलं ते त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्गात घेतलेल्या नोट्सवरून. हे कळल्यावर मी माझ्या वह्या नीट जपायला लागले. मीड म्हणतो, मूल आधी भातुकली खेळतं, त्यात ते एका वेळी एकच भूमिका घेतं, आता आई, मग दुकानदार. मग ते नियमांचा खेळ खेळतं, तिथे प्रत्येक खेळाडू काय करणार हे एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं. त्यानं उदाहरण बेसबॉलचं दिलं, आपण क्रिकेट समजू. असं करत करत मुलाच्या डोक्यात एक 'सगळे' तयार होतात, कुणी एक माणूस नाही, सगळं गाव मिळून एक. त्या सगळ्यांच्या जागेवर उभं राहून मूल स्वतःकडे बघायला शिकतं.

मला माझा तो दिवस आठवतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई ही देवी बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या संख्येवर, माणशी सव्वा मूठ. पाळण्यातल्या मुलाचीसुद्धा. मी सात-आठ वर्षांची असेन. आजी मूठ मूठ गहू टाकत नावं घेत होती, आजोबा, नाना, काका, मोठा भाऊ, आणि माझ्या मांडीवर खेळणारा दीड वर्षाचा धाकटा. मी वाट बघत बसले. आजीनं हात झटकले. मी विचारलं, मनी मूठ? ती इतक्या प्रेमानं हसली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुनी मूठ तुना घर." माझं घर म्हणजे पुढे जिथे लग्न होऊन जाईन ते. आणि तिथेही ती मूठ माझी नसणार, नवऱ्याची आणि मुलांची असणार, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं. मी रडले नाही. मला ते पटलं, हेच मला आज जास्त लागतं. त्या दिवशी मी आजीच्या जागेवर बसून स्वतःला मोजलं आणि धरलं नाही. कानबाईवर माझा राग नाही, तिचे रोट आजही माझ्या आवडीचे आहेत, चार दिवस पुरवून खाते मी ते.

दिवाळीच्या सुट्टीत ती वीस वाक्यांची चाचणी मी मायवर केली. ती भाकरी थापत होती, मी वही घेऊन बसले. मी कोन? ती म्हणाली, तुनी माय. लिहिलं. अजून? तुना भाऊसनी माय. अजून? तुना नानानी घरवाली. मग थोडं थांबून, मना भाऊसनी बहीन. मग, वावरमा काम करनारी. सहाव्याला तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आते बस. मानूसनं अजून काय ऱ्हास?" मी म्हटलं माय, अजून पंधरा बाकी आहेत, तुला काय आवडतं ते सांग. ती खरंच विचार करत होती, मला तिचा चेहरा दिसत होता चुलीच्या उजेडात. मग म्हणाली, नानांना कळण्याची भाकरी आवडते.

मी ते लिहिलं नाही. आता वाटतं लिहायला हवं होतं. तेव्हा मी नवी नवी शिकलेली होते आणि मला मायची दया आली, की बघा हिला स्वतःचं असं काहीच नाही. वर्षभरानं कळलं की मी नाशिकच्या मुलाचा कागद बरोबर धरून मायचा तपासत होते. मायच्या पाचांतले चार 'मी' माणसांपर्यंत जातात आणि त्यातलं एकही नातं तिनं हलकं धरलेलं नाही. पण म्हणून सगळं छान आहे असंही मला म्हणता येत नाही, कारण तिला विचारल्यावर तिला शोधावं लागलं, आणि सापडलं ते नानांच्या आवडीचं.

"कोनी आंडेर" वरचं माझं प्रेम कमी झालं ते मात्र हॉस्टेलमध्ये. माझी एक मैत्रीण होती, आमच्याच तालुक्यातली. दोघी शनिवारी एकाच गाडीनं घरी जायचो, पारोळ्यापर्यंत शेंगदाणे संपायचे. एकदा बसमध्ये एका बाईनं आम्हाला दोघींना विचारलं, मी पटकन सांगितलं आणि मैत्रिणीनं सांगितलं ते गाव तिचं नव्हतं आणि आडनावही तिचं नव्हतं. मला हसूच आलं, वाटलं मजा करतेय. खाली उतरल्यावर ती म्हणाली, तुला पेरू मिळतो गं तो प्रश्न विचारला की. मी खरं सांगितलं की ती बाई लांब सरकून बसते. तिचं घर गावाच्या कडेला, वस्तीत. मी इतकी वर्षं त्याच प्रश्नाचं गोड उत्तर देत आले होते आणि त्याच गाडीत त्याच सीटवर तिच्या पोटात गोळा येत होता.

अर्व्हिंग गॉफमननं १९६३ च्या त्याच्या पुस्तकात कलंकाबद्दल लिहिताना दोन तऱ्हा सांगितल्यात. एक, ज्याचा डाग समोरच्याला आधीच दिसलेला किंवा माहीत असतो. दुसरा, ज्याचा अजून कळलेला नाही पण कधीही कळू शकतो, आणि त्या माणसाचं सगळं आयुष्य माहिती सांभाळण्यात जातं, कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कधी खोटं बोलायचं. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटावरच्या हॉटेलात तोच गॉफमन बघत राहिला होता की स्वयंपाकघरात बेटावरची वागण्याची तऱ्हा असते आणि दार ढकलून बाहेर आलं की पाहुण्यांची. ते वाचताना मला माझी अहिराणी आठवली होती. पण माझ्या दोन भाषा आणि तिची दोन आडनावं यात फरक आहे, मला फक्त हसले होते.

मग मी बाबासाहेबांचं चाळीसगाव वाचलं. त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आठवणी आहेत, त्यात हा प्रसंग आहे, आणि मी ज्या चाळीसगाव-धुळे लाइनवर लहानाची मोठी झाले तीच लाइन. साल १९२९. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी कमिटी नेमली होती, आंबेडकर तिचे सभासद. धुळे लाइनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परत आले. वस्तीतले लोक हार घेऊन स्टेशनवर थांबलेले, मुक्कामाचा आग्रह. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैल, मध्ये नदीवरचा मोरीवजा पूल. स्टेशनवर टांगे पुष्कळ, तरी तासभर काहीच हालचाल नाही. शेवटी एक टांगा आला. थोडं पुढे गेला आणि मोटारीवर आदळता आदळता वाचला, पुढे पुलावर चाक कडेच्या दगडाला धडकलं, आंबेडकर फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. ते बेशुद्ध झाले, पाय मोडला, बरेच दिवस हालता येत नव्हतं.

तो तास कशात गेला ते त्यांना नंतर कळलं. अस्पृश्य उतारू घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता, त्यात त्यांची इज्जत जात होती. आणि आपल्या साहेबांनी पायी यावं हे वस्तीतल्या लोकांना सहन होत नव्हतं. तोड निघाली, की टांगेवाला टांगा भाड्यानं देईल पण हाकणार नाही. मग वस्तीतला एक जण, ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता, तो हाकायला बसला. आंबेडकर लिहितात की त्या दिवशी त्यांना कळलं, साधा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा वरचा समजू शकतो.

मी ते लायब्ररीत वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये, विल्यम आणि डोरोथी थॉमस या दोघांनी अमेरिकेत एक वाक्य लिहिलं होतं जे आम्हाला पहिल्या युनिटलाच पाठ करायला लावतात, की माणसांनी एखादी परिस्थिती खरी मानली की तिचे परिणाम खरे होतात. परीक्षेत मी त्याला दरवेळी बँक बुडाल्याच्या अफवेचं उदाहरण द्यायचे. चाळीसगावच्या पुलावर ते हाडापर्यंत खरं झालेलं आहे. टांगेवाल्याची इज्जत हातात धरून दाखवता येत नाही, वजन नाही, पण त्या इज्जतीनं एका माणसाचा पाय मोडला. आणि मला आतून हलवतात ते वस्तीतले लोक. त्यांनी ज्या मायेनं टांगा मिळवला, त्याच मायेत साहेबांचा मान पायी चालण्यानं जातो हेही धरलेलं होतं, वरच्यांचीच मोजपट्टी. कूली म्हणतो आरसा. आरसा कुणाच्या हातात आहे, किती उंचीवर टांगलाय, आणि कुणाला वाकून बघावं लागतं हे कूलीत मला कुठे सापडलं नाही, चाळीसगावात सापडलं.

आंबेडकर या विषयाकडे अपघातानं आले नव्हते. १९१६ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात विद्यार्थी असताना त्यांनी भारतातल्या जातींवर जो निबंध वाचला त्यात त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच अभ्यासकाच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतलाय, की अनुकरण वरून खाली वाहतं, आणि जो जितका जवळ तितकं जास्त. वरच्यांनी आपली दारं लावून घेतली, खालच्यांनी ते बघून आपली लावली. १९०८ च्या त्या रॉसच्या पुस्तकामागेही हाच तार्द आहे. आमच्या अभ्यासक्रमात रॉस होता, तार्दचा उल्लेख होता, आंबेडकर मात्र सामाजिक चळवळींच्या वेगळ्या पेपरला होते. मला वाटतं त्यांची जागा सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरात पहिल्या युनिटलाच आहे, आणि हे मी जिथे संधी मिळेल तिथे भांडून सांगते.

आता मी एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हजेरी घेताना मला माझीच एक गोष्ट दिसली आहे. नाव वाचते, आडनावावर नजर जाते, आणि मान वर करून त्या मुलाकडे बघायच्या आधी डोक्यात काहीतरी जागेवर बसलेलं असतं. मी ते मागून आणलेलं नाही, पण ते येतं. बसमधली म्हातारी तोंडानं विचारते, मी हजेरीपटावरून न विचारता वाचून घेते.

गेल्या वर्षी मी वर्गाला तो कागद दिला. वीस आकडे, बारा मिनिटं. शेवटच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला, "मॅडम, वर नाव टाकायचं का?" मी सवयीनं हो म्हटलं. त्यानं परत विचारलं, "पूर्ण?" त्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. मला ती बस आठवली, पारोळा, शेंगदाणे. मी म्हटलं, नको, कुणीच नाव टाकू नका. ज्यांनी टाकलं होतं त्यांनी खोडलं, दोघी-तिघींनी कागद बदलून घेतले.

संध्याकाळी घरी फरशीवर सगळे कागद पसरून बसले होते. माय चहा घेऊन आली, वाकून बघत म्हणाली, "या कोना कागद शेतस?"

"मालूम नै व माय."

तिनं कप खाली ठेवला. चौथी शिकलेली आहे ती. एक कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि अक्षर अक्षर लावत वाचायला लागली.